तेल पाजलेली मोटार

"सर, वीज मुलगा-मुलगी बघून वाहते का?"

बाहेरच्या सुरूच्या झाडांची सळसळ आणि तिच्यामागची भरतीची गाज, दोन्ही खिडकीतून वर्गात आली. प्रश्न विचारून सत्यवती ताठ उभी होती, आणि मागच्या बाकावर शकू नि तुळशी दप्तरात तोंड खुपसून नसलेली पेन्सिल शोधत होत्या. पैज त्यांचीच होती, सत्यवती विचारते की नाही, ओंजळभर बोरांवर. पुढच्या वर्षी नववीत गेलं की मुलगे शास्त्राच्या खोलीत जाणार आणि मुली शिवणाच्या, हे आठवीत सगळ्यांना पाठ होतं. पण का, हे कुणी विचारलं नव्हतं. सरळ विचारलंस तर सर 'पद्धत आहे' म्हणून दोन शब्दांत खाली बसवतील, तिरकं विचार, ही अक्कल तुळशीची. आणि 'तुझ्यानं व्हायचं न्हाय' हे डिवचणं शकूचं.

दिवाळीच्या आधीची सत्यवती असती, तर खरंच झालं नसतं. हजेरी देतानासुद्धा तिचा आवाज चपलेखाली सापडल्यासारखा यायचा. पण दिवाळीनंतर आईचा घसा बसला आणि मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायची पाळी सत्यवतीवर आली. बराच वेळ ती मूग गिळून बसली. मग शेजारच्या बाईनं गिऱ्हाइकादेखत तिच्या कोलंबीला नावं ठेवली, आणि सत्यवतीच्या पोटातून जो आवाज निघाला, त्यानं तिची तीच दचकली. दुपारच्या आत पाटी रिकामी. पुढे आईचा घसा सुटला, पण सत्यवतीचा आवाज काही परत आत गेला नाही.

पोतनीस सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"वीज नाही बघत," ते म्हणाले. "शाळा बघते."

मग त्यांनी जे सांगितलं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. मुलींनी शास्त्र घेऊ नये असा नियम कुठेही नाही, फक्त आजवर कुठल्या मुलीनं मागितलं नाही, आणि न मागितलेलं शाळा देत नाही. संक्रांतीनंतर स्नेहसंमेलनात शास्त्राची टेबलं मांडतात, त्यातलं एक सत्यवतीला मिळेल. विजेवर चालणारं काहीतरी तिनं आपल्या हातानं चालतं करून दाखवायचं. चाललं, तर सर स्वतः हेडमास्तरांकडे तिचं नाव घेऊन जातील. नाही चाललं, तर मुकाट्यानं शिवणाच्या खोलीत बसायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.

मागून एका मुलानं हळूच विचारलं, की ती विजेवर चालणारा बोंबील आणणार काय. वर्ग हसला. सत्यवतीनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. विचार करायच्या आधीच तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "चालेल, सर."

संध्याकाळी वाळूतून घरी येताना शकूनं विचारलं, की आणणार काय. तेव्हा कुठे सत्यवतीच्या ध्यानात आलं, की आपल्या घरात विजेची वस्तू म्हणाल तर ओटीवरचा एकुलता एक दिवा. तोही गेल्या पावसाळ्यापासून डोळे मिचकावणारा.

"आणि माळ्यावरची?" तुळशी म्हणाली.

सत्यवती वाळूत जागच्या जागी थांबली. माळ्यावरची. तिला कुणी विसरलं नव्हतं, पण तिचं नाव घरात कुणी काढत नव्हतं.

सत्यवतीचा धाकटा काका हरेश्वर परदेशी जाणाऱ्या बोटीवर इंजिनाच्या खोलीत तेलपाणी बघायचा. कोळीवाड्यात वीज आली त्या साली तो शिमग्याला घरी आला, तो बगलेत एक लांबरुंद खोका मारून. विलायतेतल्या कुठल्याशा बंदरावर त्यानं तो घेतला होता. खोक्यातून काळे लवचीक तुकडे निघाले, सरळ नि वाकडे, आणि मुठीत मावतील अशा दोन मोटारी, एक लाल, एक हिरवी. तुकडे एकमेकांत अडकवले की ओटीभर वेटोळं घेणारा रस्ता तयार. रस्त्यावर दोन वाटा. प्रत्येक वाटेच्या मधोमध खाच, आणि खाचेच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्टी. मोटारीच्या पोटाखालची जीभ खाचेत बसवायची. जिभेच्या दोन बाजूंना तांब्याच्या बारीक तारांच्या दोन वेण्या, त्या पट्ट्यांना घासत राहायच्या. पट्टीतून वीज वेणीत, वेणीतून मोटारीत. हातातला चाप अंगठ्यानं जितका दाबाल तितकी मोटार जोरात. भिंतीजवळ एक जड डबा ठेवायचा. घरातली दांडगी वीज त्यात शिरून गरीब होऊन बाहेर पडते, असं काका म्हणाला होता. डबा सारखा घुमायचा, म्हणून आईनं त्याचं नाव गुरगुऱ्या ठेवलं.

त्या शिमग्याला अख्खा कोळीवाडा ओटीवर लोटला होता. होळीपेक्षा मोटारींना गर्दी जास्त. मग काका बोटीवर परत गेला, जाताना खोका थोरल्या भावाच्या हातात देऊन म्हणाला, की दादा, सांभाळ. आणि धर्माजीनं, म्हणजे सत्यवतीच्या बाबांनी, तो असा सांभाळला की विचारू नका. पण पुढच्या दिवाळीला माळ्यावरून काढून लावला तेव्हा मोटारी जागच्या हलल्या नाहीत. गुरगुऱ्या गुरगुरत होता, दिवा लागत होता, मोटारी मेलेल्या. खारी हवा लागली, असं सगळ्यांनी ठरवलं. पुढचा शिमगा आला तेव्हा काकाची बोट दूर कुठेतरी होती, त्याच्या पुढच्या शिमग्यालाही तसंच. यंदा मात्र तो येणार होता. धर्माजी हल्ली शिमग्याचं नाव निघालं की जाळ्यात तोंड घालायचा.

म्हणूनच सत्यवतीनं खोका मागितला तेव्हा त्याला पटकन 'हो' म्हणवेना. ती परक्याची अमानत हाय, असं तो म्हणाला. आईनं, भागुबाईनं, चुलीपाशी बसल्या बसल्या सांगून टाकलं, की परका कसला, सख्खा भाऊ हाय, आणि मेलेल्याला पोरगी आणखी काय मारणार हाय.

"एक तुकडा हरवता कामा न्हाय," धर्माजी शेवटी म्हणाला.

खोका खाली आला तो जुन्या जाळ्यात आणि शिडाच्या कापडात गुंडाळलेला, वर सुंभाची गाठ, दर्यात पडला असता तरी भिजला नसता असा. उघडल्याबरोबर घरचा बोका कुठून तरी येऊन त्यावर बसला. त्याला उचलून बाहेर टाकला, तो परत आला.

आत हाल होते. तुकडे एकमेकांना चिकटलेले, लोखंडी पट्ट्या काळ्या, त्यांच्यावर वाळलेल्या सायीसारखा तपकिरी थर. एका वळणाची कड उंदरांनी कुरतडलेली. मोटारींची रबरी चाकं पिठासारखी भुगा झालेली. हिरवीच्या वेण्या झिजून केसाएवढ्या उरलेल्या, लालीच्या तर गायबच.

शकूनं ते बघून सांगितलं, की शिवणाचा वर्ग काही वाईट नसतो. सत्यवतीनं तिच्या हातात फडकं दिलं. धूळ गेली, पट्ट्यांवरचा थर मात्र चिवट, तसाच राहिला.

मग तिघींचं जे काम सुरू झालं, त्यात शाळेतून आलं की घरचं पाणी, घरचं पाणी झालं की मोटारी, असा रिवाज पडला. पहिल्यांदा पाया. काकानं रस्ता जमिनीवर मांडला होता, म्हणून सांधे हलायचे. धर्माजीनं मागल्या वर्षी मोडलेल्या होडीच्या फळ्या दिल्या, आडव्या पट्ट्या ठोकून त्यांचा एक सपाट पाट केला, आणि रस्ता त्यावर पक्का बसवला. कुरतडलेलं वळण फेकायचं नव्हतं, म्हणून सत्यवतीनं तुटकी कड कापडाच्या चिंधीनं नि डांबरानं भरली, होडीची फट भरतात तशी. रस्ता जिथे स्वतःवरून उडी मारतो त्या पुलाला खांब नव्हते. तुळशीनं नारळाच्या करवंट्या पालथ्या घालून एकीवर एक रचल्या, आणि पूल असा डौलात उभा राहिला की विलायतेतल्या पोरांनी हेवा करावा. चाकांसाठी सायकलवाल्याकडून टाकाऊ रबरी नळी आणली आणि विळीवर तिच्या बारीक चकत्या काढल्या.

राहिल्या वेण्या. तांब्याची तार होती, वायरीच्या एका तुकड्यातून काढलेली, केसासारखी मऊ. पण ती नुसती गुंडाळली की पट्टीवर विस्कटायची. शकू बराच वेळ सत्यवतीची खटपट बघत बसली होती. तिनं तो गुंता हातातून काढून घेतला.

"वेणी म्हणतेस नि पिळतेस कशाला? वेणी घाल की."

आणि तिनं तांब्याच्या तारांची तिपेडी वेणी घातली, आपल्या धाकट्या बहिणीची रोज सकाळी घालते तशी, चापून चोपून. खाली रिबिनीची जागा तेवढी मोकळी.

सगळं झालं. रस्त्याकडेला पांढरी रेघ ओढली, शिंपल्यांची कड लावली, एका बाजूला मातीचं इवलंसं दीपगृहसुद्धा उभं केलं. वायर जोडली, गुरगुऱ्या गुरगुरला, सत्यवतीनं चाप दाबला.

काही नाही.

तिनं वायर बदलली. चाप उघडून परत बसवला. वेण्या फिरवल्या. लाल मोटार काढून हिरवी, हिरवी काढून लाल. काही म्हणता काही नाही. संक्रांत तोंडावर आली, घराघरात तीळ भाजल्याचा वास सुटला, आणि ओटीवर एक देखणा, नवाकोरा, मेलेला रस्ता पडून होता. संध्याकाळी शकूनं फडक्याची घडी करून पाटावर ठेवली, आणि ती नि तुळशी घरी गेल्या. सत्यवतीच्या डोळ्यांपुढे शिवणाची खोली आली, काजं, बटणं, झबली, आणि दारातून जाताना बोंबलाची चौकशी करणारी मुलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळी ती उठून ओटीवर आली, तर बोका पाटावर पसरून रस्ता चाटत होता. जिथे वायर जोडली होती नेमका तोच तुकडा, मन लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बरेच दिवस त्याचं हेच चाललं असावं. तिनं त्याला हाकललं, आणि वैतागून, निव्वळ वैतागून, मोटार त्या तुकड्यावर ठेवून चाप दाबला.

मोटार वीतभर उडाली आणि थांबली.

सत्यवतीनं मोटार मागे घेतली, पुन्हा दाबला. पुन्हा वीतभर, आणि पुन्हा त्याच जागी मेली, जिथे एक तुकडा संपून दुसरा लागत होता. ती पालथी पडली आणि पट्टीला नाक लावून बघू लागली. बोक्यानं चाटलेल्या तुकड्याची पट्टी चांदीसारखी लखलखत होती. पुढच्या तुकड्याची काळी, तिच्यावर ती तपकिरी साय. तिनं नखानं साय खरवडली आणि वास घेतला.

मुशीचं तेल.

कोळ्याच्या घरात हा वास कुणाला वेगळा येत नाही. होडीला, वल्ह्याला, डोलकाठीला, सगळ्याला पावसाळ्याआधी मुशी माशाच्या काळजाचं तेल पाजतात, म्हणजे खारं पाणी लाकडात शिरत नाही. होडी तेल पिते, असंच म्हणतात, आणि जी वस्तू लाडकी तिला दोन हात जास्त. बाबांनी भावाची अमानत सांभाळली होती ती अशी. दर ज्येष्ठात माळ्यावर चढून, पट्टीन् पट्टी प्रेमानं चोळून. मोटारी चालेनात तेव्हा त्यांना वाटलं असणार, तेल कमी पडलं. म्हणून पुढच्या साली आणखी. उंदीर त्याच वासावर आले होते. बोकाही.

लाकडात पाणी शिरू देत नाही ते तेल पट्टीतून वीज तरी बाहेर कशी येऊ देईल?

तिनं आईला उठवलं नाही, आई उठलेलीच होती. भागुबाईनं पट्टीवर बोट फिरवलं, हसू पदरात दाबलं आणि काही न विचारता चुलीतली राख नि धुण्याचा सोडा आणून दिला. तुळशी नि शकूला हाका गेल्या. तिघींनी विहिरीवर पितळेची भांडी घासावीत तसा तो रस्ता चिंध्यांनी घासला, पुसला, उन्हात कोरडा केला. दुपारी गुरगुऱ्या गुरगुरला आणि लाल मोटार सुटली. पुलावर चढली, उतरली, डांबरी वळण घेतलं, दीपगृहाला वळसा घातला आणि परत आली, आणि थांबलीच नाही. तुळशी नाचली. शकू म्हणाली, की तिची वेणीच अशी आहे. दोघींनी मग पैजेची बोरं उकरून काढली, आणि ती कुणी कुणाला द्यायची यावरून भांडल्या.

संध्याकाळी धर्माजी होडीवरून आला तो दारातच उभा राहिला. ओटीवर दोन मोटारी एकमेकींच्या मागे लागल्या होत्या. तो डोक्यावरची टोपी काढून हळूच खाली बसला, पाया पडायला बसावा तसा.

काय झालं होतं गं, असं त्यानं विचारलं.

सत्यवतीनं त्याच्या हातांकडे बघितलं. मीठ नि दोर खाऊन फाटलेले ते हात, मोटारीला लावू की नको असे हवेत थांबलेले. तीन पावसाळे त्या हातांनी जिवापाड जपलं होतं. सांगणार कसं? बाजारातल्या बायकांशी भांडणारा तिचा नवा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"वायर तुटली होती, बाबा," ती म्हणाली.

धर्माजीची मान वर झाली. "बघ. मी तेल पाजत राहिलो म्हणून टिकली. न्हायतर कधीच गंजली असती."

आईनं चुलीकडे तोंड फिरवलं. नाव सत्यवती, आणि हे असं. पोरीला वाटलं, आता चाललीय ना, मग कशाला उगाच बापाचं मन मोडा.

संमेलनाच्या दिवशी सत्यवती सकाळीच गुरगुऱ्या नि मोटारी पिशवीत घालून पुढे गेली, टेबलाजवळ वायर आली आहे का बघायला. पाट मागून येणार होता. भांगाचे दिवस, पाण्याला ओढ नाही, होड्या किनाऱ्याला लागलेल्या, म्हणून धर्माजी घरीच होता. पाट आला तो आई, शकू, तुळशी आणि शेजारची सोनाबाई यांच्या डोक्यावरून, मासळीच्या पाटीसारखा तोल सांभाळत, आणि धर्माजी नवा सदरा, तांबडी टोपी आणि खांद्यावर कोरं उपरणं घेऊन बाजूनं, वादळात होडी आणल्यासारखा 'जरा दर्याकडं, जरा डोंगराकडं' करत.

शास्त्राच्या खोलीत बाकीची टेबलं मांडून झाली होती. एकावर वाजणारी घंटी, एकावर टाचण्या उचलणारं लोहचुंबक. सत्यवतीच्या टेबलाभोवती सगळ्यात दाट गर्दी जमली, करवंट्यांच्या पुलाला बोटं लावायला. पोतनीस सर आले. बोंबलाची चौकशी केलेला मुलगा पुढेच होता. सत्यवतीनं लाल मोटार खाचेत बसवली, सगळ्यांकडे एकदा राणीसारखं बघून घेतलं आणि चाप दाबला.

मोटार थरथरली, इंचभर सरकली आणि मेली.

गर्दीत कुणीतरी खुसकन हसलं. सत्यवतीनं पुन्हा दाबला. मग वाकली. आणि ओळखीचा वास नाकात गेला, ताजा, दाट, पट्ट्यांवरून नुसता ओघळलेला.

तिनं वर बघितलं. दारात बाबा उभे होते. तिच्या नजरेला नजर मिळताच त्यांनी मान हलवली, 'बघ कशी झाक केलीय' अशी. तिला लख्ख कळलं. पहिल्या फेरीला निघणारी होडी कोरडी पाठवत नाहीत. नारळी पुनवेला बाबा होडीला पुन्हा तेल पाजतात, मग पाण्यात घालतात. आज पोरीची पहिली फेरी होती.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

'वायर तुटली' हे शब्द तिच्या जिभेवर तयार बसले होते, एकदा वापरलेले, गुळगुळीत. पण वायर तुटली म्हटलं की आजचा दिवस संपला, नाव शिवणाच्या खोलीत. आणि खरं बोललं की एवढ्या लोकांत, कोऱ्या उपरण्यातले बाबा. तिला वाटलं, आवाज पुन्हा चपलेखाली जातोय. मग तिच्या मनात आलं, की हे त्या दिवशी ओटीवर सांगितलं असतं तर बाबांना फार तर घरात हसू आलं असतं. आपणच न सांगून त्यांना इथवर आणलं.

"तेल आहे, सर," ती म्हणाली, आणि आवाज चांगला मोठा निघाला. "मुशीचं. माझ्या बाबांनी लावलं, होडीला लावतात तसं. लाकडाला ते राखतं, पण पट्टी आणि वेणी यांच्यामधे बसलं की वीज जाऊ देत नाही. हे मला आधीच कळलं होतं. त्यांना मी सांगितलं नाही. चूक त्यांची नाही, माझी आहे."

खोलीत कुणी हसलं नाही. सगळ्यांनी दाराकडे बघितलं. धर्माजी गर्दीतून वाट काढत टेबलाशी आला. त्यानं पट्टीवर बोट ओढलं, बोटाकडे बघितलं, मोटारीकडे बघितलं.

"म्हंजे तीन पावसाळं," तो सावकाश म्हणाला, "मीच हिचा गळा दाबतोय?"

"व्हय," भागुबाई मागून म्हणाली. "आणि वर मोठेपणा सांगतोय."

धर्माजीच्या पोटात कुठेतरी गुरगुरलं, आणि तो हसायला लागला. टोपी पडेपर्यंत हसला. मग सगळी खोली हसली, हेडमास्तर काय झालं म्हणून डोकावले आणि कारण न कळताच तेही हसले. हसता हसताच धर्माजीनं खांद्यावरचं कोरं उपरणं काढलं आणि सरळ पट्ट्या पुसायला घेतल्या.

नुसतं पुसून भागणार नव्हतं, तेल पसरत होतं. राख इथे कुठली आणायची? सत्यवतीची नजर फळ्यावर गेली. तिनं खडूचे तुकडे उचलले, पाट्यावर भरडावेत तसे फूटपट्टीच्या टोकानं भरडले आणि पांढरी पूड सगळ्या रस्त्यावर भुरभुरली. खडूनं तेल पिऊन घेतलं. तुळशी नि शकूनं डस्टर घेऊन घासलं, सोनाबाईनं पदर लावला, आणि बोंबलाच्या मुलानंही शेजारच्या वर्गातून आणखी एक डस्टर आणून हात मारायला सुरुवात केली. शकूनं मोटारीच्या वेण्या सोडून, पुसून, पुन्हा घातल्या, भर गर्दीत, दातात तार धरून.

या वेळी मोटार सुटली ती खडूची धूळ उडवत. पूल, वळण, दीपगृह, पुन्हा पूल. पोरांनी बाकांवर चढून आरडाओरडा केला. सरांनी हिरवी मोटार घेतली आणि धर्माजीच्या हातात लालीचा चाप दिला. सर जपून, वळणावर चाप सैल करत निघाले. धर्माजीला मात्र वारा मिळाला की शीड सोडायचं एवढंच ठाऊक, त्यानं अंगठा असा रोवला की लाल मोटार पहिल्याच वळणावरून उडून हेडमास्तरांच्या पायाशी जाऊन पडली. हेडमास्तरांनी ती उचलली, उलटी करून खालची तांब्याची वेणी बघितली, आणि ही कुणी घातली असं विचारलं. शकूनं हात वर केला, आणि तिच्या शेजारी उभ्या तुळशीचाही हात धरून वर केला.

"तीन नावं लिहून घ्या मग," पोतनीस सर हेडमास्तरांना म्हणाले.

रात्रीचं जेवण झालं तेव्हा पाट ओटीवर होता. खोक्याची गुंडाळी, जुनं जाळं, शिडाचं कापड, सगळं धर्माजीनं सवयीनं हाताशी घेतलं होतं. हरेश येईपर्यंत आता वर ठेवायचं, असं तो म्हणाला, आणि तेलाचा शब्द तोंडाशी आलेला गिळला. डोक्यावरचा दिवा मिचकावला, विझला, पुन्हा लागला.

भागुबाई दिव्याकडे बघत होती. मग तिनं नवऱ्याकडे बघितलं.

"बटनाला," धर्माजी खाली बघून म्हणाला, "मागल्या ज्येष्ठात जरासं लावलं होतं. गंजू नये म्हणून."

सत्यवती उठून उभी राहिली. हातातली लाल मोटार तिनं पाटावर, नेमकी खाचेत बसवली.

"आये, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "खोका माळ्यावर जायचा नाही, पाट इथेच राहील, आणि शिमग्याला काकाला तेलाची गोष्ट मीच सांगणार, तुम्ही दोघं समोर असताना. शास्त्र तर मी घेतलंच. उद्या सरांना विचारून, मेन बंद करून, ते बटन उघडणार. आणि आजपासून ह्या घरातल्या होड्या तुमच्या, विजेचं सगळं माझं. कशालाही तेल पाजायच्या आधी मला विचारायचं."